पॉझिटिव्ह बायकांचे सपोर्ट ग्रुप, मुंबई: कुठे बसावं आणि कुठून उठावं

मुंबईत एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसाठी चालणारे गट ढोबळमानाने चार प्रकारचे आहेत. सरकारी एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, काउन्सेलर घेतात ते. केअर अँड सपोर्ट सेंटरचे, म्हणजे बोलण्यात 'विहान'चे, कारण २०१३ मध्ये ही केंद्रं त्या नावाच्या कार्यक्रमात सुरू झाली. पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कने स्वतः उभे केलेले. आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचे. फी कुठेच नाही. पण अर्ध्या दिवसाची मजुरी, लोकलचं तिकीट आणि कुणीतरी पाहील ही धास्ती, एवढं दर वेळी मोजावंच लागतं. त्या बदल्यात पदरात काय पडतं, ते इथे लिहिलं आहे. परीक्षण एका संस्थेचं नाही, या सेवेचं आहे.

जागा, वेळ आणि लाइन

दुपारी दोन ते चार ही वेळ सर्वांत सोयीची. घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामं एकच्या सुमारास आटोपतात आणि संध्याकाळची पाचला सुरू होतात. मुलं शाळेत असतात, परतीची लोकल गर्दीच्या आधी मिळते. रविवारी गट ठेवणारे लोक बायकांच्या घरात कधी डोकावलेले नसतात. रविवारी नवरा, दीर, सासू सगळे घरात, आणि 'कुठे निघालीस?' याला दर महिन्याला नवं उत्तर कुठून आणायचं? ज्या वस्तीत नळाला पाणी दुपारी येतं तिथल्या बायकांना मात्र दोनची वेळही जमत नाही. महिन्याआड सकाळची एक बैठक ठेवणारे गट आहेत, त्यांना जास्त गुण.

जागा स्टेशनपासून चालत जाण्याजोगी असावी. पाटीवर 'एड्स' शब्द नसावा. इमारतीत आणखी चार ऑफिसं, दवाखाने, शिलाईचे क्लास असले तर बरंच, म्हणजे जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं तर दचकायला नको. स्वच्छ संडास हवा. गोळ्या नव्याने सुरू झालेल्या बाईचं पोट पहिले काही दिवस बिघडू शकतं, आणि दोन तास कळ काढून बसायला लावणाऱ्या जागी ती पुन्हा येणार नाही. लहान मुलांसाठी दाराबाहेर कुणीतरी बसायला हवं. सहा-सात वर्षांचं मूल कोपऱ्यात चित्रं काढत असलं तरी कान देऊन सगळं ऐकत असतं.

ओळखीचा प्रश्न मुंबईच्या बायका लोकलची लाइन बदलून सोडवतात. कुर्ल्याची बाई सायन हॉस्पिटलला न जाता नायरला नाव घालते, बोरिवलीची थेट केईएमला. पहिल्या वर्षी हे समजण्यासारखं आहे. पण गट लांबचा चालतो, गोळ्यांचं सेंटर जवळचंच हवं. एखादी बैठक चुकली तर फार बिघडत नाही. पावसात ट्रॅकवर पाणी साचलं म्हणून गोळ्या संपल्या तर बिघडतं.

सेंटर बदलायचं तर न सांगता दुसरीकडे जाऊ नये. जुन्या सेंटरमधून ट्रान्सफरची चिठ्ठी घ्यावी, हिरव्या पुस्तकात, म्हणजे सेंटरने दिलेल्या उपचाराच्या नोंदवहीत, शेवटच्या गोळ्यांची तारीख आणि शिल्लक लिहून घ्यावी, आणि हातात महिन्याच्या गोळ्या असतानाच नव्या ठिकाणी नाव घालावं. नुसतं जाणं बंद केलं की जुन्या यादीत ती बाई 'एलएफयू' होते, म्हणजे उपचारातून गळालेली, आणि मग आउटरीच वर्कर पत्ता शोधत दारात येते. तिचं ते कामच आहे, त्याने जीवही वाचतात. पण चाळीत अनोळखी बाई फाइल घेऊन दोनदा आली की शेजारणींच्या चौकश्या सुरू होतात. म्हणून नोंदणीच्या दिवशीच ठरवून घ्यावं: फोन कुठल्या नंबरवर करायचा, किती वाजता, आणि दारात यावं लागलं तर कोण म्हणून सांगायचं. बचत गटाची मॅडम, विमावाली, काहीही चालेल. दोघींचं सांगणं जुळलं म्हणजे झालं.

सह्यांची शीट आणि फोटो

आत शिरताच समोर येते ती हजेरीची शीट. एका पानावर वीस जणींची नावं, मोबाइल नंबर, एआरटी नंबर. पैसे देणाऱ्याला हजेरी दाखवावी लागते हे खरं, पण विसाव्या बाईने सही करता करता वरच्या एकोणीस जणींची माहिती वाचावी, ही कसली पद्धत? बऱ्या गटात हजेरीला टोपणनाव किंवा कोड चालतो आणि खऱ्या नावांची यादी एकीच्याच कुलपात राहते. हे मागणं म्हणजे नखरा नव्हे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे, मोजके अपवाद सोडले तर, लेखी संमतीशिवाय कुणाचं स्टेटस तिसऱ्याला सांगता येत नाही. कलम ११ प्रमाणे अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थेने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करायला हवी.

फोटोला सरळ नाही म्हणावं. 'चेहरा ब्लर करू' हे आश्वासन पोकळ आहे, कारण वस्तीतल्या माणसाला साडी, हातावरचं गोंदण आणि मांडीवरचं मूल एवढ्यावरून ओळख पटते. सोशल वर्कचं शिकणाऱ्या मुली 'फक्त बघायला' बसवल्या जातात, त्यांनाही हीच कसोटी: आधी विचारलं का, आणि एकीने जरी नको म्हटलं तरी त्या बाहेर गेल्या का?

गोळीच्या गप्पा

गटाची खरी किंमत इथे कळते. आज बहुतेक जणी टीएलडीवर आहेत: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५०, तिन्ही मिळून दिवसाला एकच गोळी. २००४ मध्ये जेजेसह देशातल्या मोजक्या सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाच्या गोळ्यांच्या मानाने हे फार सोपं झालं आहे. सोपं झालं म्हणून गटात गोळीवर बोलणंच थांबलं, आणि चुका तिथेच होतात.

कुठल्याही गटाची पारख करायला एक प्रश्न पुरतो: 'ताई, लोहाच्या गोळीबरोबर टीएलडी चालते का?' हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या आणि चाळिशीनंतर कॅल्शियम, हे निम्म्या बायकांच्या घरात असतंच. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्रॅविरला चिकटून बसतात आणि ते पुरेसं रक्तात उतरत नाही. उपाशीपोटी घ्यायची तर टीएलडी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. भरपेट जेवणासोबत मात्र दोन्ही एकत्र चालतात. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडला ही जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर ठेवावंच लागतं. हे ठाऊक नसलेल्या बाईचा वायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, वाढतो आणि समोरून बोलणी मिळतात की तू गोळ्या चुकवतेस. गटातल्या ताईने हा हिशेब तोंडपाठ सांगितला तर तिथे बसावं. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच उत्तर आलं तर तो गट मन हलकं करायला ठीक, त्यापलीकडे नाही.

झोप लागत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, अशी तक्रार असली तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊन पाहावी. विसरली तर आठवताच घ्यावी, पण पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. हरतालिकेला निर्जळी उपवास करणाऱ्यांनी गोळीपुरतं घोटभर पाणी घ्यावं, जेवण लागत नाही. गौरी-गणपतीला कोकणात जायचं तर पंधरा दिवस आधी सेंटरला सांगून वाढीव गोळ्या घ्याव्या आणि हिरवं पुस्तक सोबत न्यावं. टीबी निघाला आणि त्याचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू झालं तर टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅविर ५० ची एक जादा गोळी लागते. त्यासाठी टीबीचं औषध देणाऱ्यांना आणि एआरटी सेंटरला एकमेकांचं माहीत हवं. लपवाछपवीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आणि बाटली. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली हलवली की खुळखुळते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो आवाज कुणाच्या ना कुणाच्या कानी पडतोच. मग गोळ्या कुंकवाच्या डबीत, मसाल्याच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात जातात. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांना ओल लागते. मूळ बाटली आणि तिच्यातली ओल शोषणारी पुडी सोडू नये. बाटली रुमालात गुंडाळून कपड्यांच्या तळाशी ठेवावी, आठवड्यापुरत्या सात गोळ्या छोट्या कोरड्या डबीत काढाव्या. लेबल खरडून टाकायचं असेल तर औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख आधी वहीत उतरवावी.

वायरल लोडची तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षाला एकदा होते. मिलिलिटरमागे १०००च्या खाली असेल तर विषाणू दबलेला मानतात. रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं आलं आणि गोळ्या नियमित चालू राहिल्या तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट शब्दांत मांडलं. सेंटरवर हे कुणी घाईत सांगतं, कुणी सांगतच नाही. गटात हे नीट सांगितलं जातं का ते पाहावं, आणि त्याच दमात पुढचं वाक्यही येतं का तेही: विषाणू दिसत नाही म्हणजे गेला नाही, गोळी थांबली की काही आठवड्यांत तो परत मोजण्याइतका होतो.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोळ्यांच्या तुटवड्यावरून पॉझिटिव्ह लोकांनी दिल्लीत नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयात धरणं धरलं होतं. तशी वेळ आली तर कुणाकडे किती गोळ्या आहेत याची यादी ज्या गटाकडे असते तो गट कामाचा. उसनी गोळी फक्त तेच औषध चालू असलेल्या बाईकडून घ्यावी, आणि ती सेंटरला सांगावी, नाहीतर गोळ्यांच्या मोजणीत दोघी खोट्या पडतात.

कुणाला, काय, कधी सांगायचं

'उघडपणे जगणं' असं व्यासपीठावर म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर माइक आणि कॅमेरा असतो. गटातल्या बायकांचं उघडपण वेगळं असतं. बहिणीला ठाऊक आहे, सासूला नाही. मोठ्या मुलीला ठाऊक आहे, धाकट्याला 'रक्त वाढायची गोळी' असं सांगितलंय. कामाच्या बाईसाहेबांना सांगायचा प्रश्नच नाही. हा नकाशा प्रत्येकीचा निराळा, आणि तो आखायला मदत करणं हेच या सेवेचं सर्वांत मोठं काम. हे जिथे होत नाही तिथे चहा-वडापाव कितीही चांगला असो, गट अर्धवट आहे.

चांगल्या गटात सांगण्याची तालीम होते. एक जण नणंद होते, एक जण सांगणारी, बाकीच्या टोकतात. सांगण्याआधीची तयारीही तिथेच होते: भांडणात सांगू नये, फोनवर सांगू नये; पहिलं माणूस असं निवडावं ज्याची स्वतःची कमाई किंवा स्वतःचं दार आहे; त्या रात्री दुसरीकडे झोपायची वेळ आली तर कुठे जायचं ते आधी ठरवावं; रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांच्या प्रती मैत्रिणीकडे ठेवाव्या. रिपोर्टचा कागद हातात देऊ नये. त्याचा फोटो निघतो आणि फिरतो.

नवऱ्याला सांगण्याबाबत एचआयव्ही कायद्यातलं कलम ९ गटातल्या प्रत्येकीला माहीत हवं. जोडीदाराला धोका आहे असं वाटलं तर डॉक्टर किंवा काउन्सेलर काही अटी पाळून त्याला सांगू शकतात. पण सांगितल्याने मारहाण होईल, घराबाहेर काढतील किंवा बाईच्या, मुलांच्या जिवाला अपाय होईल अशी रास्त भीती असेल तर त्यांनी सांगू नये, असं त्याच कलमात बायकांचा खास उल्लेख करून लिहिलं आहे. ती भीती मात्र काउन्सेलरला स्पष्ट शब्दांत सांगून केस पेपरवर नोंदवून घ्यायला हवी. मनातल्या मनात घाबरून उपयोग नाही.

मुलांच्या बाबतीत शाळकरी वयात टप्प्याटप्प्याने सांगणं बरं. आधी 'ही गोळी रोज घ्यायची', मग 'रक्तात एक जंतू आहे', आणि नाव शेवटी. मूल स्वतः पॉझिटिव्ह असेल तर बारा-तेरापर्यंत त्याला आईकडूनच कळलेलं असावं. नंतर ते गोळीवरचं नाव मोबाइलवर शोधतं.

गटाच्या दर्जाची धोक्याची खूण अशी: नवी बाई तिसऱ्या बैठकीलाच १ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या, कार्यक्रमात 'आपली कहाणी' सांगायला उभी केली जाते. टाळ्या मिळतात, शाल मिळते, कधी बातमी येते. ती बातमी इंटरनेटवर राहते आणि मुलाच्या शाळेपर्यंत पोचते. उघडपणे बोलणाऱ्या बायकांमुळेच बाकीच्यांचं जगणं सुसह्य झालं आहे, यात वाद नाही. १९९८ मध्ये चेन्नईत पी. कौसल्या आणि त्यांच्या सोबतिणींनी पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क उभं केलं नसतं तर बायकांचे वेगळे गट आजही मिश्र गटांच्या कोपऱ्यात बसलेले असते. पण तो निर्णय वर्षभर गटात बसल्यावर, मुलांशी बोलून, स्वतःच्या तारखेने घ्यायचा असतो.

हक्कासाठी नाव उघडं करावंच लागतं, हा समजही चुकीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९९७ मध्ये एका कामगाराला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही असा निकाल लागला. तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणूनच ओळखला जातो. त्या माणसाचं नाव कधी बाहेर आलं नाही. टोपणनावाने खटला चालवण्याची सोय आता २०१७ च्या कायद्यातच आहे.

नवरा गेल्यावर

बायकांचा वेगळा गट का हवा, ते इथे दिसतं. मिश्र गटात पुरुष नोकरीबद्दल बोलतात, बायका खोलीबद्दल. नवरा वारला की महिन्याभरात सासरचे म्हणतात, 'तू माहेरी जा, मुलांना आम्ही बघतो.' खोलीचा ताबा मुंबईत माणसाहून मोठा. एचआयव्ही कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पॉझिटिव्ह बाईला राहत्या सामायिक घरातून काढता येत नाही, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही सोबतीला आहे. मोफत वकील मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. घर सोडून मग लढणं फार अवघड जातं, म्हणून गटाने पहिला सल्ला 'बाहेर पडू नका, आधी फोन करा' असा द्यायला हवा. अर्थात मारहाण होत असेल तर आधी जीव, मग खोली.

कागदपत्रांच्या कामात गट खूप पुढे-मागे आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा समावेश आहे. महिन्याला १५०० रुपये मिळतात. अट आहे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, २१ हजारांची. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात मुंबईत पोटमाळाही भाड्याने मिळत नाही, पण अट तशीच आहे. अर्ज अडतो तो बहुधा तीन ठिकाणी: उत्पन्नाचा दाखला, राज्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा, आणि आधारशी न जोडलेलं बँक खातं. चौथी अडचण दलालाची, जो पैसे घेतो वर वैद्यकीय दाखलाही वाचतो. महिन्यातला एक दिवस ठरवून चार-पाच जणींना एकत्र तहसील कार्यालयात नेणारा आणि दाखला बंद पाकिटातून द्यायला शिकवणारा गट सोन्यासारखा. मुलांसाठी बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये आहेत. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे जातो आणि बऱ्याच गटांना त्याचा पत्ताच नसतो.

तपासण्या

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलायला गट लाजतात, ही मोठी उणीव. एचआयव्ही असलेल्या बाईला हा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. पंचविशीपासून तपासणी सुरू करावी आणि एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची, चाचणी मिळत असेल तर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाळी चालू नसलेला दिवस धरून चार जणींनी एकत्र जाणं, एवढ्याने निम्मी भीती जाते. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, यांपैकी काहीही असलं तर टीबीची तपासणी त्याच दिवशी.

मूल हवं असलेल्यांनी आधी वायरल लोड दाबून घ्यावा. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि अठराव्या महिन्यात पक्की. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध किंवा फक्त वरचं, दोन्ही मिसळून नाही. पाणी, मध, बाळगुटीही नाही, कारण वरच्या गोष्टींनी बाळाच्या आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. आणि बाळगुटी उगाळणाऱ्या सासूला कारण न सांगता कसं थोपवायचं, हे डॉक्टरांना विचारू नये, गटात विचारावं.

भिशी नको

काही गटांनी सपोर्ट ग्रुपलाच बचत गट केलं. हेतू चांगला, परिणाम वाईट. कर्ज थकलं की बाई लाजेने बैठकीला येईनाशी होते, आणि गट आणि सेंटर एकाच इमारतीत असले तर गोळ्यांनाही येईनाशी होते. बचत करा, पण दुसऱ्या नावाने, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वहीत.

प्रकारांची तुलना

एआरटी सेंटरमधल्या गटाचा फायदा म्हणजे शंका आली की डॉक्टर भिंतीपलीकडे. तोटा म्हणजे ओपीडीची गर्दी, काउन्सेलरची घाई आणि बदल्या. केअर अँड सपोर्ट सेंटरचे आणि नेटवर्कचे गट बोलायला मोकळे. गट चालवणारी ताई बहुधा स्वतः बऱ्याच वर्षांपासून गोळ्यांवर असते आणि तिच्यापुढे कुणी नाटक करत नाही. पण निधीचं चक्र फिरलं की पत्ता आणि माणसं बदलतात. त्यामुळे ताईचा नंबर एकीने तरी वहीत उतरवलेला असावा. ताईवरचा भारही गटाने पाहावा: रात्री अकराचा फोन, हॉस्पिटलच्या फेऱ्या, मयताला जाणं, आणि मानधन तुटपुंजं. आळीपाळीने फोन घेणाऱ्या दोन-तीन जणी नसतील तर ती ताई दोन वर्षांत थकते आणि गट बंद पडतो.

बारा ते पंधरा जणी हा आकडा ठीक. तिसावर गेला की चौघीच बोलतात. गप्प बसणाऱ्यांसाठी चिठ्ठ्यांचा डबा हवा. बाईपणाच्या दुखण्यांचे निम्मे प्रश्न त्यातूनच येतात. कामाठीपुऱ्यातली बाई, तृतीयपंथी, बँकेत काम करणारी आणि तिच्या सोसायटीत भांडी घासणारी एकाच सतरंजीवर बसू शकतात का, हे पहिल्या दिवशीच कळतं. मध्यमवर्गीय बायका बहुतेक खासगी डॉक्टरकडे जातात आणि गटात येतच नाहीत, एकट्याने निभावतात. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप हा मार्ग आहे, अटींसह: गटाचं नाव साधं, प्रोफाइलला फोटो नाही, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू, आणि सगळ्यांचा नंबर सगळ्यांना दिसतो याची जाणीव ठेवून वेगळं सिम. जडीबुटीने एचआयव्ही बरा करण्याचे फॉरवर्ड येताच ते काढणारी अ‍ॅडमिन हवी. एड्स बरा करतो असा दावा औषधावर करायला कायद्याने बंदी आहे, आणि अशा काढ्यांपायी गोळ्या सोडलेल्या बायका मग गंभीर अवस्थेत परत येतात.

१०९७ ही नाकोची मोफत हेल्पलाइन पत्ता विचारायला आणि रात्रीच्या घाबरगुंडीला चांगली. दर वेळी नवा माणूस उचलतो, त्यामुळे पाठपुराव्याला कुचकामी. मारहाणीच्या वेळी १८१.

कुणी जाऊ नये? रिपोर्ट हातात येऊन आठवडाही झाला नसेल तर गटात जाण्याची घाई करू नये. आधी काउन्सेलरशी किंवा एकाच ताईशी एकटीने बोलावं. गोळ्यांसाठी मात्र थांबू नये. २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असला तरी उपचार लगेच सुरू होतात. पत्त्यासाठी वडाळ्याला अ‍ॅक्वर्थ संकुलातल्या मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेत विचारता येतं, किंवा आपल्या सेंटरच्या काउन्सेलरला 'महिलांची मीटिंग कधी असते?' एवढं विचारलं तरी पुरतं. पहिल्या दिवशी हिरवं पुस्तक घरीच ठेवावं, सुटे पैसे न्यावे आणि दाराजवळची जागा धरावी.